मोटारहोम लेव्हल करायचं सामान: काय घ्यायचं, कसं बसवायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मोटारहोम म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी घेतली की पहिल्या दोन-तीन मुक्कामातच हा विषय निघतो. गाडी उतरत्या जमिनीवर तिरकी उभी असली की रात्री अंग एका बाजूला घरंगळतं, तव्यावरचं तेल एकाच कडेला जमतं, बाथरूमचा दरवाजा आपोआप उघडतो, आणि मग माणूस विचारायला लागतो की जॅक कुठला घेऊ. इथे तेच तेच विचारले जाणारे प्रश्न एकत्र केलेत. काही उत्तरं लांब झालीत, पण जिथे लांब झालीत तिथे कारण आहे.

एक रात्र तर काढायची असते, लेव्हल करायची खरंच एवढी गरज आहे का?

झोपेपुरतं म्हणाल तर डोकं उंच बाजूला करून रात्र निघते. पण बाकी बऱ्याच गोष्टी लेव्हलवर चालतात. शॉवरचं पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचतं, पाण्याच्या टाकीचा सेन्सर चुकीचं दाखवतो (टाकी अर्धी असताना भरलेली दाखवेल नाहीतर रिकामी), सरकून बाहेर येणारी खोली म्हणजे स्लाइडआउट असेल तर तिच्या मोटरवर आणि रुळावर एका बाजूने ताण येतो. आणि सगळ्यात महाग पडणारी गोष्ट म्हणजे फ्रिज, त्याचं पुढे वेगळं लिहिलंय.

फ्रिजचं नेमकं काय असतं? घरचा फ्रिज तर थोडा वाकडा असला तरी चालतो.

घरच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर असतो, तो गॅस ढकलतो, त्यामुळे थोड्या उताराने त्याला फरक पडत नाही. गॅस, १२ व्होल्ट आणि मेन लाइन असा तिन्हीवर चालणारा जो फ्रिज बऱ्याच मोटारहोममध्ये येतो तो अॅब्सॉर्प्शन प्रकारचा असतो. १९२२ मध्ये स्वीडनमधल्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी तो शोधला, आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. त्यात पंप नसतो, कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण खाली बॉयलरमध्ये तापतं, अमोनियाची वाफ वर जाते, थंड होऊन द्रव होते, हायड्रोजनच्या सोबतीने पुन्हा वाफ होताना आतली उष्णता ओढून घेते आणि मग सगळं नळ्यांमधून उतारावरून ओघळत परत खाली येतं. हे ओघळणं निव्वळ गुरुत्वाकर्षणावर चालतं.

आता गाडी तिरकी उभी असली की त्या नळ्यांच्या उताराचा सपाट भाग होतो किंवा उलटा उतार होतो, द्रव मध्येच साचतो आणि बॉयलरपर्यंत पोचत नाही. बॉयलर मात्र तापतच राहतो. नळ्या गंजू नयेत म्हणून त्या मिश्रणात सोडियम क्रोमेट घातलेलं असतं, जास्त तापलं की ते घट्ट होऊन बसतं आणि नळी चोंदते. एकदा चोंदली की ती साफ होत नाही, पूर्ण कूलिंग युनिट बदलावं लागतं. बरं, हे एका रात्रीत दिसतही नाही, दर मुक्कामाला थोडं थोडं होत राहतं आणि एक दिवस फ्रिज गार करणंच सोडून देतो, तेव्हा लोक म्हणतात फ्रिजच खराब होता.

रस्त्यावर चालताना चढ-उतार लागतात त्याचं काय असंही विचारतात. चालत्या गाडीत सगळं हलत असतं त्यामुळे द्रव एका जागी साचून राहत नाही. धोका उभ्या गाडीला असतो.

तुमच्याकडे नवीन कॉम्प्रेसरवाला १२ व्होल्टचा फ्रिज असेल तर ही काळजी बरीच कमी.

मग किती लेव्हल पुरे? अगदी शून्यच पाहिजे का?

शून्याच्या मागे लागू नका. अॅब्सॉर्प्शन फ्रिजच्या मॅन्युअलमध्ये बऱ्याचदा डावी-उजवीकडे ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंश अशी मर्यादा दिलेली असते. यात एक गोम आहे. हे डावं-उजवं आणि पुढे-मागे फ्रिजच्या तोंडाकडे बघून धरायचं असतं, गाडीच्या नाही. फ्रिज गाडीच्या भिंतीला लावलेला असेल आणि दार मधल्या वाटेकडे उघडत असेल तर फ्रिजचं डावं-उजवं म्हणजे गाडीचं पुढे-मागे! म्हणजे गाडी नाकाकडे किती झुकलीये यावर ३ अंशाची मर्यादा लागू होते. तुमच्या फ्रिजचं मॅन्युअल एकदा काढून बघा, त्यातला आकडा खरा.

माझ्या मते एका अंशाच्या आत आलं की थांबावं. माणसाला झोपेत त्रास होत नाही आणि फ्रिजपण खूश.

लेव्हलिंग आणि स्टॅबिलायझिंग एकच ना?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. लेव्हलिंग म्हणजे गाडी उचलून सपाट करणं. स्टॅबिलायझिंग म्हणजे सपाट असलेल्या गाडीचं डुलणं थांबवणं, कोणी आत चाललं की किंवा वारा आला की स्प्रिंगवर गाडी हलते ना, ते. मागच्या कोपऱ्यांना हँडलने फिरवून खाली सोडायचे जे पाय किंवा कात्रीसारखे जॅक असतात ते बहुतेक डुलणं थांबवायलाच बनवलेले असतात. त्यांनी गाडी उचलायला गेलात तर स्क्रू वाकतो, नाहीतर तो पाय जिथे बसवलाय तिथलं फ्रेमचं टोक वाकतं. आधी रॅम्पने (चाकाखाली ठेवायचा उतार, त्याचं पुढे येतंय) लेव्हल करा, मग हे पाय जमिनीला टेकवून थोडे घट्ट करा, बास.

किती उचलावं लागेल हे सामान घ्यायच्या आधी कसं काढायचं?

गवंडी वापरतात ती ६० सेंटिमीटरची पाणसळ घ्या, गाडीत जमिनीवर आडवी ठेवा आणि बुडबुडा मध्ये येईपर्यंत खालच्या टोकाखाली पुठ्ठे सरकवत जा. समजा दीड सेंटिमीटरचे पुठ्ठे लागले. तुमच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १८० सेंटिमीटर असेल तर ते पाणसळीच्या तिप्पट झालं, म्हणून दीडच्या तिप्पट, साडेचार सेंटिमीटर खालच्या बाजूची चाकं उचलावी लागतील. एवढंच गणित. अंशात मोजायचं असेल तर दर मीटरला दर अंशामागे पावणेदोन सेंटिमीटर धरा.

आता हेच पुढे-मागे करून बघा. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ४ मीटर अंतर असेल तर ३ अंशाला तब्बल २१ सेंटिमीटर होतात. डाव्या-उजव्या बाजूला तेच ३ अंश साडेनऊ सेंटिमीटरमध्ये भागतात. म्हणून जागा निवडताना आडवा उतार चालेल पण लांबीचा उतार टाळा, तो रॅम्पने भरून निघत नाही. पाच मिनिटं जास्त फिरून बरी जागा शोधली तर कुठलंच सामान काढावं लागत नाही, हे मी सगळ्यांना आधी सांगतो.

मोबाईलमधलं लेव्हलचं अॅप वापरणार असाल तर एकदा आकडा बघून फोन त्याच जागी उलटा फिरवून परत बघा. दोन्ही वेळा आकडा सारखा आणि उतार उलट्या बाजूला दिसला पाहिजे, नाही दिसला तर अॅप कॅलिब्रेट करा. कॅमेऱ्याचा उंचवटा असलेले फोन हमखास चुकीचं दाखवतात.

रॅम्प घेऊ की ब्लॉक?

रॅम्प म्हणजे पायऱ्या असलेला प्लॅस्टिकचा उतार, गाडी त्यावर चढवायची आणि हव्या त्या पायरीवर थांबायचं. ब्लॉक म्हणजे एकमेकांत अडकणारे चौकोनी तुकडे, हवे तितके रचून बुटका ओटा करायचा. रॅम्प पटकन होतो पण पायऱ्या ठरलेल्या. ब्लॉकमध्ये उंची बारकाईने जुळवता येते, आणि तेच ब्लॉक नंतर जॅकच्या पायाखाली पण वापरता येतात, पण रचायला वेळ लागतो आणि पुढे उतार करून द्यायला विसरलात तर टायर त्यांना ढकलून पुढे सरकवतो. नवीन माणसाने रॅम्पची एक जोडी घ्यावी आणि सोबत ब्लॉकचा एक सेट ठेवावा.

घेताना वजनाची क्षमता जोडीची लिहिलीये की एका नगाची हे नीट वाचा. आणि रुंदी बघा. टायरचा रस्त्याला टेकणारा सगळा भाग रॅम्पवर बसला पाहिजे, कडेने टायर लोंबकळता कामा नये. अर्धा टायर हवेत राहिला की सगळं वजन उरलेल्या अर्ध्यावर येतं आणि आतल्या तारांना कायमची इजा होते, जी बाहेरून दिसत नाही.

आडवा उतार काढायला एकाच चाकाखाली रॅम्प ठेवला तर?

एका चाकाने जमत नाही. नुसतं पुढचं एक चाक वर घेतलं तर बरीचशी उंची स्प्रिंगच खाऊन टाकते आणि वर चेसिसला पीळ बसतो. त्या बाजूची पुढची आणि मागची दोन्ही चाकं सारखी उचला.

मागे जोडटायर आहेत, आतल्याखाली ठेवू की बाहेरच्या?

दोन्हीखाली. एकाच टायरखाली ठेवलं तर दोघांचं वजन तो एकटा उचलतो. दोन्ही टायर मावतील एवढी रुंद फळी किंवा ब्लॉकचा डबल ओटा करा, शक्य नसेल तर त्या जागी मागची बाजू उचलू नका.

लाकडी फळ्या चालतील का?

चालतील, मस्त चालतात. जाड, न फाटलेल्या, टायरपेक्षा रुंद असाव्यात. दगड आणि विटा नकोत, वीट दाबाखाली एकदम फुटते. फळ्या जड असतात आणि ओल्या झाल्या की वास मारतात हा एकच त्रास.

हायड्रॉलिक, इलेक्ट्रिक आणि एअर यातलं काय घ्यावं?

हायड्रॉलिकमध्ये एक पंप, तेलाची टाकी आणि चार पाय असतात. ताकद भरपूर, काम पटकन, मोठ्या गाड्यांना हेच लागतं. एचडब्ल्यूएच, लिपर्ट, इक्वलायझर, ई अँड पी, आल-को अशी नावं या लाइनमध्ये ऐकायला मिळतील. काही पाय सरळ खाली येतात, काही आधी आडवे दुमडलेले असतात आणि मग झुलून उभे होतात. दुमडणाऱ्यांना चालताना खाली जागा जास्त मिळते पण खडबडीत जमिनीवर उभे होताना दगडाला अडकतात. परत वर घ्यायला काहींना स्प्रिंग असतात आणि काहींमध्ये तेलच उलट्या बाजूने ढकलतं. स्प्रिंगवाले साधे असतात पण वर्षानुवर्षं ताणून स्प्रिंग सैल होतात.

इलेक्ट्रिकमध्ये प्रत्येक पायाला स्वतःची मोटर आणि आत स्क्रू. तेल नाही, पाइप नाहीत, गळती नाही, बसवायला सोपं. पण हळू चालतं आणि फार जड गाडीला पुरत नाही. एका पायाची मोटर गेली तर तेवढाच पाय बदलतो हा फायदा. हायड्रॉलिकमध्ये पंप गेला की चारही पाय बसले.

एअर लेव्हलिंग हे मुळात ज्या गाडीला एअर सस्पेन्शन आहे तिच्यासाठी. फुगे फुगवून-सोडून गाडी सपाट करतात, सगळी चाकं जमिनीवर राहतात ही फार चांगली गोष्ट. पण उचल मर्यादित असते, कुठे बारीक गळती असेल तर रात्रीतून गाडी एका कोपऱ्यात बसते, आणि गाडी डुलायची ती डुलतेच.

महिन्यातून एखादी रात्र बाहेर काढणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही, रॅम्प पुरतात. दर दोन दिवसांनी जागा बदलणाऱ्याला, गुडघे दुखणाऱ्याला, किंवा गाडी इतकी मोठी आहे की एकट्याने रॅम्पवर चढवताना मागे बघायला कोणी नाही अशाला पाय बसवणं खरंच कामाचं आहे.

एकेक पाय किती वजन उचलणारा असावा? गाडीचं वजन भागिले चार?

भागिले चार कधीच नको. वजन चार कोपऱ्यांत सारखं वाटलेलं नसतं. पाण्याची टाकी, गॅसच्या टाक्या, मागचं गॅरेज हे सगळं एका बाजूला असतं, आणि जमीन वाकडी असली की एक पाय इतरांपेक्षा जास्त ओझं घेतो. आधी भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा मोजा. समजा मागचा एक्सल २००० किलो आला, दोन पायांत १००० झाले, त्यावर निदान अर्धं मार्जिन म्हणजे १५०० किलोचा एक पाय. हा माझा ठोकताळा आहे, किट बनवणाऱ्याचा तक्ता याहून जास्त सांगत असेल तर तोच माना.

या सगळ्याचं स्वतःचं वजन किती?

चार पाय, पंप, ब्रॅकेट, तेल मिळून हायड्रॉलिक सिस्टीम ५० किलोच्या वर सहज जाते. ३५०० किलोच्या मर्यादेतली गाडी असेल तर हे ५० किलो तुमच्या सामानातून वजा होतात, म्हणजे जवळपास एका माणसाइतकं. बसवायच्या आधीच वजनकाट्याची पावती हातात असू द्या. बसवल्यावर कळलं की चार जण आणि भरलेली टाकी घेऊन गाडी मर्यादेबाहेर जाते तर मग काय काढणार?

किट आणून घरी बसवता येईल का?

हात चालत असेल, गाडी पक्क्या स्टँडवर उभी करता येत असेल आणि टॉर्क पाना वापरायची सवय असेल तर येईल. पण काही गोष्टी मनाने करायच्या नाहीत.

चेसिसच्या लांब चॅनेलला वरची आणि खालची आडवी पट्टी असते आणि मध्ये उभी पट्टी. वाकण्याचा सगळा ताण वरच्या-खालच्या पट्टीवर येतो, तिथे भोक पाडलं की तिथूनच चीर सुरू होते. उभ्या पट्टीत, तेही चेसिस कंपनीने सांगितलेल्या जागी आणि शक्यतो आधीपासून असलेल्या भोकातच बोल्ट टाका. वेल्डिंग नाहीच. गॅल्व्हनाइज्ड चेसिसवर वेल्डिंग केलं तर जस्ताचा थर जळतो, तिथून गंज चढतो आणि ताकदपण जाते. तुमच्या चेसिससाठी बनवलेले बोल्टचे ब्रॅकेट मिळतात, तेच घ्या.

पाय एक्सलच्या जितके जवळ तितकं बरं. बऱ्याच गाड्यांना मागे चेसिस लांब करायला जोड दिलेला असतो, त्याच्या टोकाला पाय लावला तर गाडी उचलताना तो जोड तरफेसारखा वाकतो. मी एका ओळखीच्या गाडीखाली हे डोळ्यांनी बघितलंय, बसवणाऱ्याने जागा सोपी पडते म्हणून अगदी मागे पाय लावले होते आणि काही महिन्यांत जोडाचे बोल्ट लांबट झालेल्या भोकांत खेळायला लागले होते. गाडीवाल्याला फक्त मागून कुरकुर ऐकू येत होती.

पाय पूर्ण वर घेतल्यावर त्याचं बूड जमिनीपासून किती उंच राहतं ते मोजा, आणि रॅम्पवरून किंवा फेरीबोटीत चढताना मागचा भाग घासतो तिथे तो येत नाही ना ते बघा. चाक पूर्ण दाबलं गेल्यावर, आणि पुढचं चाक दोन्हीकडे पूर्ण वळवल्यावर पायाला लागता कामा नये. हायड्रॉलिकचा पाइप सायलेन्सरपासून लांब ठेवा, ब्रेकच्या नळीला किंवा एबीएसच्या वायरला बांधू नका, हलणाऱ्या भागाजवळून नेताना सैल वळण द्या. बोल्ट किटमध्ये जे आलेत तेच, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर, आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर परत तपासा. ही शेवटची गोष्ट जवळपास सगळेच विसरतात.

विम्याचं आणि गाडीच्या नोंदणीचं काय लागतं ते आधी विचारून घ्या, नवीन गाडी असेल तर चेसिसच्या वॉरंटीचंही.

वायर किती जाड लागते? सोबत आलेली लांबीला पुरत नाहीये.

पुरत नाही म्हणून बारीक वायरचा जोड देऊ नका, प्लीज. हायड्रॉलिक पंप सुरू असताना १०० अँपिअरच्या आसपास आणि काही मॉडेल त्याहूनही जास्त ओढतात. बॅटरीपासून पंप ५ मीटर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तांबं. १६ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये यातच १.१ व्होल्ट गळून जातो, ३५ च्या वायरमध्ये अर्धा व्होल्ट. पंपाला व्होल्टेज कमी मिळालं की तो हळू चालतो, तापतो, आणि कंट्रोल बॉक्स मध्येच एरर देऊन बंद पडतो. 'पाय अर्ध्यावर थांबतात' या तक्रारीच्या मागे बऱ्याचदा पंप ठीकच असतो आणि वायर किंवा अर्थ (चेसिसला जाणारा निगेटिव्हचा जोड) खराब निघतो. अर्थचा पॉइंट रंग खरवडून चकचकीत धातूवर घ्या. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, कारण फ्यूजच्या आधीची वायर घासली गेली तर तिला वाचवणारं काहीच नसतं. काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा.

कंट्रोल बॉक्सला हँडब्रेक आणि इग्निशनचा सिग्नल जोडायला एक-दोन बारीक वायर येतात. कंटाळा करून त्या सोडू नका, पाय खाली असताना गाडी सुरू केली की वाजणारा अलार्म त्याच वायरवर आहे.

तेल कुठलं घालू?

मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. बऱ्याच सिस्टीम ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलावर म्हणजे एटीएफवर चालतात, पण सगळ्या नाही. ब्रेक ऑइल चुकूनही नाही, सील फुगून खराब होतात. पातळी बघताना चारही पाय वर आणि स्लाइडआउट आत असू द्या, पाय खाली असताना तेल सिलिंडरमध्ये गेलेलं असतं, तेव्हा टाकी कमी दिसते, माणूस भरतो आणि पाय वर घेतले की सगळं बाहेर सांडतं. नवीन बसवल्यावर आत हवा असते म्हणून पाय तीन-चार वेळा पूर्ण खाली-वर करा, मग परत पातळी बघा.

ऑटोमॅटिक बटण दाबलं तरी गाडी वाकडीच राहते.

झिरो सेट केलेला नाही. कंट्रोल बॉक्स जिथे स्क्रूने बसवलाय तिथली जागा आणि गाडीच्या आतली जमीन यात फरक असतो. पाणसळ फ्रिजच्या आतल्या खणात ठेवा, हाताने एकेक बटण दाबून दोन्ही दिशांना बुडबुडा मध्ये आणा, आणि मग मॅन्युअलप्रमाणे ती स्थिती शून्य म्हणून सेव्ह करा.

पाय दमदार आहेत, मागची चाकं हवेत गेली तर काय बिघडतं?

या पानावरचं एवढं एकच उत्तर वाचलंत तरी चालेल. बऱ्याच मोटारहोमचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना किंवा मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टला धरतो. ऑटोमॅटिकचं पार्क फक्त ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते त्यांनाच अडवतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत या दोन्ही गोष्टी मागेच आहेत. मागची चाकं जमिनीवरून सुटली की टनावारी वजनाची गाडी पुढच्या मोकळ्या फिरणाऱ्या चाकांवर आणि चार बारीक दांड्यांवर उभी असते. थोडा जरी उतार असला तरी ती पुढे सरकते, पाय तिरके होतात, आणि ते तिरकं ढकलणं सोसायला बनवलेलेच नसतात. आत माणसं झोपलेली असतात.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअर पुढच्या चाकांना धरतो म्हणून थोडा फरक आहे, पण हँडब्रेक मागेच आहे, त्यामुळे मागचं उचलून त्याचा अर्धा बंदोबस्त घालवू नका.

उपाय पार्क करतानाच करायचा. गाडीचं नाक उताराच्या खालच्या बाजूला करून उभी करा. मग उचलायला लागतो तो पुढचा भाग, मागची चाकं घट्ट जमिनीवर, हँडब्रेक धरून. त्याच मागच्या चाकांना दोन्हीकडून चोक म्हणजे चाक अडवायच्या पाचरी लावा, आणि हे पाय खाली सोडायच्या आधी. नाक वर करून उभी केली की उलटं होतं, मागचं उचलावं लागतं. उतार एवढा आहे की पुढची चाकंही पूर्ण लोंबायला लागली, तर ती जागा तुमच्या गाडीची नाही, दुसरी बघा. आणि मागचं थोडं उचलणं भागच असेल तर आधी मागच्या चाकांखाली रुंद फळ्या किंवा ब्लॉक घालून त्यावर गाडी घ्या, म्हणजे पायांनी लेव्हल पूर्ण केली तरी चाकं कशावर तरी टेकलेली राहतात.

पाय कुठल्या क्रमाने सोडायचे, स्लाइडआउट आधी की नंतर?

आधी हँडब्रेक आणि चोक, एअर सस्पेन्शन असेल तर मॅन्युअल सांगेल तशी हवा सोडून गाडी खाली बसवा, मग पुढे-मागे जोडीने, मग डावं-उजवं जोडीने. एकट्या कोपऱ्याचा पाय दाबत राहू नका, चेसिस पिळते आणि मोठ्या गाडीची पुढची काच तडकू शकते किंवा रबरातून सुटते. स्लाइडआउट बहुतेक गाड्यांत लेव्हल झाल्यावर बाहेर काढतात आणि निघताना पाय उचलायच्या आधी आत घेतात, काही कंपन्या वेगळं सांगतात म्हणून स्टिकर वाचा. पंप चालवताना इंजिन चालू ठेवलं तर बॅटरीला बरं.

पायाखाली पॅड घालणं गरजेचं आहे का?

हो. २० सेंटिमीटर व्यासाच्या गोल बुडाचं क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर, त्यावर १००० किलो आले की दर चौरस सेंटिमीटरला ३ किलोहून जास्त. खाली ३० बाय ३० चा जाड पॅड घातला की तेच १.१ किलोवर येतं. ओल्या गवतात आणि वाळूत हा फरक लगेच कळतो. उन्हात तापलेल्या डांबरावर तर पॅडशिवाय पाय सोडूच नका, माझा एक पाय रात्रीतून बोटभर आत गेला होता आणि सकाळी त्या गोल खड्ड्याबद्दल जागेच्या मालकाची माफी मागावी लागली. पॅडला दोरी बांधून ठेवा, ओढून काढायला सोपं पडतं आणि विसरत नाही.

लेव्हलिंग जॅकवर उचलून टायर बदलू का? खाली शिरून काम करू का?

नाही. दोन्हीला नाही. सील गेलं, व्हॉल्व्ह सुटला, मुलाने बटण दाबलं तर गाडी खाली येते. टायर बदलायला टायरचा जॅक, खाली शिरायला पक्के स्टँड.

निघायची वेळ झाली आणि पाय वरच येत नाहीत!

आधी फ्यूज आणि बॅटरीचं व्होल्टेज बघा, इंजिन सुरू करून परत प्रयत्न करा. जमत नसेल तर हायड्रॉलिकमध्ये पंपाजवळ हाताने उघडायचे व्हॉल्व्ह असतात, ते उघडले की स्प्रिंगवाले पाय हळूहळू वर जातात, त्या वेळी गाडीखाली कोणीही नको, हातपण नको, कारण गाडी खाली बसते. तेलाने वर जाणाऱ्या प्रकारात पंपाची मोटर ड्रिलने फिरवायची किंवा हातपंपाची सोय असते. इलेक्ट्रिकमध्ये प्रत्येक मोटरच्या डोक्यावर पाना लावून फिरवता येतं. हे सगळं तुमच्या गाडीत कुठे आहे ते घरी असताना, उजेडात एकदा करून बघा आणि लागणारा पाना त्याच कप्प्यात ठेवा. पाऊस पडत असताना अंधारात टॉर्च दातात धरून मॅन्युअल वाचायची वेळ येऊ नये.

पाय थोडासाच खाली आहे, हळू हळू नेतो, असं करू नका. पहिल्याच स्पीडब्रेकरला पाय वाकतो आणि ब्रॅकेटसकट चेसिस ओढतो.

देखभाल काय करायची?

पायांचे दांडे चकचकीत असतात ते तसेच राहिले पाहिजेत. चिखल वाळायच्या आधी पुसा, मग वर घ्या, नाहीतर तोच चिखल सीलला घासत आत जातो. कोरड्या फडक्याने पुसून हलका सिलिकॉन स्प्रे पुरतो, ग्रीस लावू नका, त्यावर धूळ चिकटून पॉलिश पेपर तयार होतो. गाडी उभीच असली तरी महिन्यातून एकदा सगळे पाय खाली-वर करा. एखादा पाय इतरांपेक्षा हळू वर यायला लागला तर स्प्रिंग सैल झालीये किंवा दांडा किंचित वाकलाय, तो पाय पूर्ण खाली सोडून बाजूने सरळ पट्टी लावून बघा, वाकलेला दांडा लगेच दिसतो आणि तो सरळ करत बसायचा नसतो, बदलायचा असतो.

जुन्या गाडीतून काढलेला सेट स्वस्तात मिळतोय, घेऊ का?

ब्रॅकेट तुमच्या चेसिसचे नसतील तर पाय कितीही चांगले असले तरी नको, कारण मग कोणीतरी ते ब्रॅकेट कापून जोडणार. ब्रॅकेट जुळत असतील तर मॅन्युअल आहे का, कंट्रोल बॉक्स त्याच मॉडेलचा आहे का, दांड्यांवर गंजाचे खड्डे आहेत का ते बघा. खड्डे नखाला लागले तरी सोडून द्या, नवीन सील टाकलं तरी पहिल्या काही महिन्यांत परत गळायला लागेल.